मामांचा चीन

वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत मामांनी पुस्तकाचा उपयोग एकाच कामासाठी केला होता. लहान मूल केस कापायला आलं की खुर्चीवर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी ठेवायची आणि तिच्यावर मुलाला बसवायचं, म्हणजे डोकं बरोबर हाताच्या उंचीला येतं. डिरेक्टरी चांगली जाडजूड होती. पुस्तकाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं मामांना हावरटपणा वाटायचा.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचेच होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक. एका खुर्चीमागे मामा, दुसरीमागे त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ दिवसाला आठ शब्द बोलायचा आणि त्यातले चार ‘मान जरा खाली घ्या’ यातच जायचे. उरलेलं सगळं बोलणं मामांच्या वाट्याला आलं होतं आणि ते त्यांनी कधी अंगावर येऊ दिलं नाही. गिऱ्हाईक पाठमोरं बसलेलं, चेहरा आरशात, आणि मामा मानेशी बोलतायत, असं तीस वर्षं चाललं होतं.

दर तिसऱ्या गुरुवारी सर यायचे. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. डोक्यावर पांढरं दाट रान आणि पिशवीत नेहमी पुस्तकं. एका गुरुवारी सर गेले आणि एक पुस्तक बाकावरच राहिलं. मामांनी ते उचलून कपाटावर ठेवलं. दुपारी एक ते चार सलून बंद असायचं. भाऊ खुर्ची मागे करून घोरायला लागला. मामांना झोप येईना, म्हणून त्यांनी पुस्तक खाली काढलं. वाचायला नाही, चित्रं बघायला.

मधोमध एक जुना फोटो होता. रस्त्याच्या कडेला एक माणूस स्टुलावर बसलेला, कपाळापासून डोक्याच्या निम्म्यापर्यंत तासून गुळगुळीत केलेला, मागे कमरेपर्यंत वेणी. आणि त्याच्यामागे वस्तरा घेऊन उभा असलेला माणूस. मामांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट अगदी योग्य वळलेलं होतं. हा माणूस कसलेला होता, यात शंकाच नव्हती.

आता चित्राखाली काय लिहिलंय ते बघायला हवं. मग ते कळायला आधीचं पान. मग त्याच्या आधीचं. लिहिलं होतं ते असं की परक्या राजघराण्याने चीन जिंकला आणि हुकूम काढला, प्रत्येक पुरुषाने पुढचं डोकं भादरायचं आणि मागे वेणी ठेवायची. मुदत दहा दिवस. नाही केलं तर डोकंच जाईल.

“दहा दिवस!” मामा ओरडले. भाऊ दचकून जागा झाला. “अरे, एवढा मोठा देश! कोटीकोटी डोकी! दहा दिवसांत! कारागीर किती होते? धार कोण लावत होतं? याचा विचार केला का त्या बादशहाने?”

“कोणता बादशहा?” भाऊ म्हणाला. त्याचे त्या दिवसाचे शब्द संपले.

चार वाजता शटर वर गेलं तेव्हा मामा सत्तराव्या पानावर होते. तीन आठवड्यांनी सर आले, तोवर पुस्तक संपलं होतं आणि मामांना काही सुचत नव्हतं. सर खुर्चीत बसायच्या आतच त्यांनी विचारलं, “मग पुढे काय झालं?”

“कशाचं पुढे?”

“चीनचं!”

सरांनी आरशात मामांकडे नीट बघून घेतलं. आयुष्यभर त्यांनी हा विषय शिकवला होता आणि चाळीस वर्षांत इतक्या तळमळीने हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, “त्या पुस्तकात एक घडी घातलेला कागद होता, मिळाला का?”

मिळाला होता. मामांनी तो आरशाच्या फटीत खोचून ठेवला होता. त्यावर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: आधुनिक चीनचा इतिहास, वाचण्याजोगं. खाली सतरा पुस्तकं.

“ही सगळी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत,” सर म्हणाले. “पहिल्यापासून सुरू करा. आणि मामा, आज कान सांभाळा, तुमचं लक्ष चीनमध्ये आहे.”

ग्रंथालयात मामांनी अर्ज भरला. ग्रंथपालबाई शिस्तीच्या. करडे केस करकचून बांधलेले, अंबाडा इतका घट्ट की मामांना बघूनच स्वतःच्या डोक्याला ताण जाणवला. बाईंनी पहिला ग्रंथ दिला, दोन खंडांचा. “पंधरा दिवस,” त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, “हुकमाला दहाच दिवस होते.” बाईंना काही कळलं नाही.

पहिला ग्रंथ म्हणजे नुसता दगड. जमीन, महसूल, तक्ते, तळटीपा. मामा तीनदा झोपले, चौथ्यांदा नेटाने बसले आणि पार गेले. मग मात्र गाडी घरंगळतच सुटली. दुसऱ्या पुस्तकात अफूच्या पेट्या आणि तोफा. तिसऱ्यात तो खेड्यातला मास्तर, जो सरकारी परीक्षेत चारदा नापास झाला, तापात त्याला स्वप्न पडलं आणि देवाचा धाकटा मुलगा आपणच आहोत अशी त्याची खात्री पटली. “चारदा नापास!” मामा गिऱ्हाइकाच्या मानेला सांगत. “आणि मग त्याने काय केलं? घरी बसला? छे! चौदा वर्षं अर्धा देश पेटवला! दोन कोटींच्या वर माणसं गेली. आणि त्याच्या लोकांनी पहिलं काम काय केलं माहितीये? डोकं भादरणं बंद! केस वाढवले! सरकार त्यांना म्हणायचं लांब केसवाले. पास केलं असतं त्याला, तर काय बिघडलं असतं, सांगा!”

दोन वर्षं दुपारी एक ते चार मामा चीनमध्ये असत. ग्रंथपालबाईंची एकच तक्रार होती. “पुस्तकांत केस सापडतात,” त्या म्हणाल्या. “सातव्या पुस्तकात तर तीन रंगांचे होते.”

“तांबूस असतील ते औषधदुकानवाल्याचे,” मामा म्हणाले. “रंग लावतो. कुणाला सांगू नका.”

घरी मामी होत्या. त्या रुग्णालयात टेलिफोनवर बसत आणि घरीही त्यांचा आवाज तसाच, गोड पण तोडून टाकणारा. जेवताना मामांनी ताटातली वाटी सरकवून “इथे समज नदी” असं सुरू केलं की मामी म्हणत, “नदी उचला, त्यात आमटी वाढायचीय.” पण त्यांच्यातही चीन हळूहळू मुरत होता. एकदा शेजारणीने विचारलं, “हल्ली भाऊजी दिसत नाहीत?” तेव्हा मामी सहज बोलून गेल्या, “ते एकोणीसशे अकरात आहेत. पुढच्या आठवड्यात प्रजासत्ताक आलं की येतील.”

एकोणीसशे अकरा हे साल मामांना भलतंच मानवलं. राजघराणं पडायला आलं आणि वेण्या सटासट कापल्या जायला लागल्या. ज्यांनी परदेशी शिकताना आधीच कापल्या होत्या, ते मायदेशी परतताना खोट्या वेण्या लावून फिरत होते. पण मामांचा जीव अडकला तो शेवटच्या बादशहात. त्या दिवशी खुर्चीत बँकेतला कॅशियर होता. जेवणाच्या सुटीत मिशी नीट करून घ्यायला आला होता. मामांनी डावी बाजू बारीक केली आणि तिथेच गोष्ट सुरू झाली.

“तीन वर्षांचं लेकरू हो! तेही पूर्ण नाही! सिंहासनावर बसवलं. समोर मोठमोठे सरदार डोकं टेकवतायत. लेकराने भोकाड पसरलं. ‘मला घरी जायचंय!’ बाप शेजारी घामाघूम. काय म्हणाला असेल? म्हणाला, ‘रडू नको बाळा, लवकरच संपेल!’”

“अरे देवा,” कॅशियर म्हणाला.

“सरदारांचे चेहरे पडले! असं अशुभ बोलतात का! आणि खरंच, सव्वातीन वर्षांत सगळं संपलं! दोन हजार वर्षांची बादशाही!” मामांनी वस्तऱ्यासकट हात आभाळाकडे नेला. तेवढ्यात घड्याळात एक वाजला. कॅशियर ताडकन उठला, गळ्यातलं कापड फेकलं आणि बँकेकडे पळाला. डावीकडे रेघ, उजवीकडे झुपका. मामा तोंडावर हात ठेवून दारात उभे राहिले. धंद्यात असं कधी झालं नव्हतं. चार वाजता कॅशियर परत आला. मामा माफी मागायला लागले, तो म्हणाला, “ते राहू द्या. त्या पोराचं पुढे काय झालं?”

“वाड्यातच राहू दिलं त्याला. मग मोठा झाला, सायकल शिकला, सायकल अडते म्हणून वाड्याचे उंबरे कापून काढले. वेणीही उतरवली.”

“कुणी कापली?”

मामांना हे माहीत नव्हतं. गुरुवारी त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, “स्वतःच कापली म्हणतात.” मामा दोन दिवस नाराज होते. राजवाड्यात पगारी माणूस असताना ही काय रीत झाली?

सतरावं पुस्तक संपलं त्याच महिन्यात ग्रंथालयात ‘काय वाचावं?’ नावाची भाषणं सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता एका विषयावर जाणकाराने बोलायचं आणि पुस्तकं सुचवायची. आधुनिक चीनसाठी अर्थातच सर. पण शुक्रवारी सकाळी सर सलूनमध्ये शिरले तेव्हा त्यांचा उजवा गाल पपईएवढा सुजलेला होता. अक्कलदाढ काढली होती. बोलता येत नव्हतं. त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि एकीवर लिहिलं: ‘उद्या तुम्ही बोला.’

“मी?” मामा म्हणाले. “सर, मी सलूनवाला माणूस.”

दुसरी चिठ्ठी: ‘सतराही वाचलेले गावात दोघेच. दुसरा मुका झालाय.’

“नाही हो, माझ्याच्याने व्हायचं नाही.”

तिसरी चिठ्ठी सरांनी दोनदा अधोरेखित केली. ‘तुम्हीही त्या मास्तरासारखे नापास होणार का?’

भाऊ हसला. मामांनी त्याला हसताना आठ वर्षांनी पाहिलं.

शनिवारी मामी इस्त्रीचा शर्ट घेऊन मागे लागल्या. “खिशातली ती कात्री काढा,” त्या म्हणाल्या. मामांनी काढली आणि दार ओलांडताना परत घातली. ती नसली की उजव्या हाताला काय करावं ते कळायचं नाही.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात चाळीसेक माणसं होती. निम्मी मामांचीच गिऱ्हाइकं. पहिल्या रांगेत मामी, त्यांच्या शेजारी गालाला रुमाल बांधलेले सर, पलीकडे ग्रंथपालबाई. टेबलावर सतराही पुस्तकं ओळीने मांडलेली. मामा उभे राहिले आणि त्यांनी समोर बघितलं.

समोर चेहरे होते.

तीस वर्षं ते बोलत आले होते, पण मानांशी. चेहरा असायचा तो आरशात, आणि तोही अर्धे डोळे मिटलेला. हे असे चाळीस चेहरे, डोळे उघडे ठेवून, सरळ रोखून बघतायत म्हटल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. चार शतकांचा चीन डोक्यातून भुर्रकन उडाला. मामांनी घसा साफ केला. परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा मागून पोस्टमनकाका म्हणाले, “पाणी द्या रे त्याला.” हे निवृत्त पोस्टमन, डोक्यावर औषधालाही केस नाही, पण गप्पांना सलूनमध्ये रोज.

मामांचा हात आपसूक खिशात गेला. कात्री लागली. आणि त्यांच्या तोंडून निघालं, “कुणाला केस कापून घ्यायचेत का?”

हशा झाला. मामा हसले नाहीत. “थट्टा नाही करत. कुणीतरी बसा. माझ्याच्याने नुसतं बोलवत नाही.”

आता हसणंही थांबलं. ज्यांनी नुकतेच कापले होते ते खाली बघायला लागले. सरांनी गाल धरून डोळे मिटले. तेवढ्यात ग्रंथपालबाई उठल्या. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की त्यांच्या ग्रंथालयातला कार्यक्रम बुडतोय. त्यांनी खुर्ची ओढून मध्ये घेतली, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली, टेबलाची चादर पुस्तकांखालून अलगद काढली, आणि पाठ करून बसल्या. “फक्त टोकं,” त्या म्हणाल्या. “आणि केस पुस्तकांत नकोत.”

मामांनी चादर बांधली, अंबाड्याचे आकडे काढले, केस मोकळे केले. समोर मान आली. आणि जीभ सुटली.

“दहा दिवस!” मामा म्हणाले. “दहा दिवसांची मुदत होती बघा...”

मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. कात्री टकटक चालली आणि चीन सळसळत आला. पेट्या बंदरात बुडाल्या, तोफा धडाडल्या, मास्तर नापास झाला, लेकराने भोकाड पसरलं. आणि गोष्टीच्या प्रत्येक वळणावर मामा कात्रीने टेबलाकडे दाखवायचे. “हे सगळं त्या हिरव्या पुस्तकात आहे. ज्याचं आपल्या सासऱ्याशी पटत नाही त्याने हे वाचावं, राजदरबार समजतो. तो लाल ग्रंथ सरांच्या यादीत पहिला आहे. सर, माफ करा, पण पहिला नको. तो पहिला घेतलात तर दुसरा कुणी घेणार नाही. आधी ती गिरणीवाल्याची रोजनिशी वाचा. बारीक आहे, तीन दुपारी. गिरणीवाला रोज पीठ दळतो आणि बाहेर राज्यं बदलतात. मग लाल ग्रंथ तुम्ही स्वतःहून मागाल.”

सरांनी चिठ्ठी लिहून पुढे केली. मामांनी ती मोठ्याने वाचली. “असहमत.” टाळ्या पडल्या. “आणि हे बाराव्या नंबरचं,” मामा पुढे म्हणाले, “लिहिणारा विद्वान आहे पण वाक्यं फार लांब. कल्ल्यासारखी खाली खाली येत राहतात. चाळीसाव्या पानापासून सुरू करा.” पुन्हा चिठ्ठी. “सर म्हणतायत, सहमत.”

एकोणीसशेवीसच्या सुमाराला कात्री जरा मंदावली. “आता बायकांनी केस कापायला सुरुवात केली,” मामा म्हणाले. “शाळेत शिकणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या मुली. मानेपर्यंत, असे सरळ. घरच्यांनी कोंडून ठेवलं तरी कापले. कारण त्यांना म्हणायचं होतं, हे डोकं आमचं आहे. मग सत्तावीस साल आलं. क्रांतिकारकांची धरपकड सुरू झाली. आणि काही ठिकाणी तर नुसते केस कापलेले दिसले एवढ्यावरून मुलींना मारून टाकलं. दुसरा पुरावा नाही. केस.”

ग्रंथपालबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तेवढे कापा.”

“काय?”

“त्या मुलींचे होते तेवढे. मानेपर्यंत.”

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी एकदाच मान हलवली, फोन जोडून देताना हलवत तशी. मामांनी कात्री लावली. करडी लड वर्तमानपत्रावर पडली तेव्हा मागच्या रांगा उभ्या राहून बघत होत्या.

मग लढाया, लांबची पायपीट, नवं राज्य. चिमण्या दाणे खातात म्हणून सगळा देश भांडी बडवत त्यांना उडवत राहिला, त्या थकून पडेपर्यंत. मग किडे वाढले. त्यात वरून येणारे हट्टी हुकूम, कागदावर फुगवलेली पिकं, आणि दुष्काळ. “किती गेले यावर पुस्तकांचं एकमत नाही,” मामा म्हणाले. “पण कमीत कमी आकडा धरला तरी कोटींतच आहे. पंधरावं पुस्तक. ते जेवायच्या आधी वाचू नका आणि नंतरही नका. पण वाचा.”

त्यानंतर ते थांबले. कात्री हवेतच राहिली. सोळाव्या पुस्तकात एक फोटो होता, त्याच्याबद्दल त्यांनी सलूनमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. साठच्या दशकात पोरांनी मास्तरांना, डॉक्टरांना रस्त्यावर उभं केलं आणि त्यांचं अर्धं डोकं भादरलं. अर्धं ठेवलं, अर्धं काढलं. मामांनी हे सांगितलं, आवाज न चढवता. “मशीन माझ्या हातात असतं तसंच होतं,” ते म्हणाले. “मी त्या दिवशी चार वाजता दुकान उघडलं नाही.”

ग्रंथपालबाईंनी चादरीखालून हात काढला आणि मागे न बघता मामांच्या मनगटाला जरासा स्पर्श केला. “दुसरी बाजू राहिलीय माझी,” त्या म्हणाल्या. “मला अर्धी ठेवू नका.”

मामांनी श्वास घेतला आणि दुसरी बाजू पूर्ण केली, केसाला केस जुळवून. शेवटची काही वर्षं त्यांनी भराभर सांगितली. दुकानं उघडली, रेडिओ वाजले, आणि ऐंशीच्या दशकात बायका रांगा लावून केस कुरळे करून घेऊ लागल्या. “काय गर्दी झाली असेल!” मामा म्हणाले, आणि इतके खुलले की चादर झटकताना अर्धी सभा केसांनी माखली. बाई उठल्या, वळल्या. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि फिस्सकन हसल्या. ते हसू त्यांच्या सहकाऱ्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं. सगळा वाचनकक्ष टाळ्या वाजवत उभा राहिला. सरांनी दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडायचा प्रयत्न केला आणि गाल धरून खाली बसले.

सतराही पुस्तकं सात मिनिटांत गेली. गिरणीवाल्याच्या रोजनिशीसाठी कॅशियर आणि औषधदुकानवाला यांच्यात ढकलाढकली झाली. लाल ग्रंथ कुणी नेत नव्हतं. तो मामींनी आपल्या नावावर घेतला. “बघू तरी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तीनदा कुठे झोपलात ते.” मामी कुठेच झोपल्या नाहीत. रुग्णालयात दोन फोनांच्या मध्ये तो त्यांनी सहा आठवड्यांत संपवला, आणि तळटीपाच सर्वांत चांगल्या आहेत असं सांगून सरांना कायमचं जिंकलं.

महिनाभराने ग्रंथालयाने यादी छापून घेतली. क्रम मामांचा, शेरे मामांचे, आणि प्रत्येक शेऱ्याखाली बारीक टाइपात ‘सर सहमत’ किंवा ‘सर असहमत’. आणखी एक पुस्तक यादीत घ्यावं की नाही यावर दोघांचं दर तिसऱ्या गुरुवारी कडाक्याचं भांडण होतं. एकदा सर अर्ध्या दाढीवर उठून गेले आणि कोपऱ्यावरून परत आले.

आता सलूनमध्ये सकाळपासून बाक भरलेला असतो. निम्म्यांना केस कापायचेच नसतात. भावाने स्वतःहून आणखी एक बाक आणला आणि आणल्यावर पूर्ण वाक्य बोलला. “बसा, अजून अफूचं युद्धच चाललंय.” परवा पोस्टमनकाका आले आणि सरळ खुर्चीत बसले. मामांनी आरशात त्यांच्या लखलखीत टाळूकडे पाहिलं.

“काय करू काका?”

“जे सत्तावीस सालात होतं ते कर,” काका म्हणाले. “म्हणजे सांग नुसतं. माझ्या बायकोला सांगायचंय, माझ्याकडून नीट सांगितलं जात नाही.”

मामांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, टाळूवर पाण्याचा बारीक फवारा मारला, कंगवा हातात घेतला आणि सुरुवात केली.